संगणकाचे वाटणीपत्र

श्रोतेहो, घरात राखणदार नेमणे सोपे असते; त्याला निरोप देणे मात्र वाटते तितके सोपे नसते. तो बरीच वर्षे देवडीवर बसलेला असतो. कोणती किल्ली त्याच्यापाशी आहे आणि कोणती कडी त्याने आपल्या सोयीने फिरवून घेतली आहे, ह्याचा आपल्याला विसर पडलेला असतो. आज जी हकीकत मी आपल्याला सांगणार आहे ती अशाच एका राखणदाराची आहे. संगणकाच्या संरक्षणासाठी विकत घेतलेला तो एक प्रोग्रॅम होता. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तो काढून टाकला, आणि त्याच्याबरोबर माझे अर्धे घर नाहीसे झाले. निदान मला तसे वाटले.

आरंभीच सांगितलेले बरे की, मी संगणकशास्त्राचा जाणकार नाही. रायपुरात मी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली. पुढे जे सांगणार आहे ते प्रथम माझ्या नातीने मला समजावून दिले आणि मग मी स्वतः वाचून पडताळून पाहिले. उतारवयात शिकलेली गोष्ट माणूस जरा सावकाश सांगतो. तेवढी सवलत आपण मला द्यालच.

आमचे घर तात्यापाऱ्यात. नावावरूनच आपल्या ध्यानात येईल की ही मराठी माणसांची जुनी वस्ती. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपुरास कारभार पाहू लागले, आणि त्यांच्यामागून छत्तीसगढात मराठी कुटुंबांचा राबता वाढला. पुढे कोणी कचेरीतल्या नोकरीसाठी आले, कोणी वकिलीसाठी, तर कोणी रेल्वेबरोबर. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत रायपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमची राजधानी भोपाळ झाली. पुढे २००० साली, त्याच तारखेला, छत्तीसगढ राज्य स्थापन होऊन राजधानी रायपुरातच आली. राज्ये बदलली, तरी घरातली मराठी टिकून राहिली. मात्र ती पुण्याची मराठी नव्हे. माझी आजी तळ्याला 'तरिया' म्हणे. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खावयाचा, तर त्याला आमच्या घरी कोणी शिळा भात म्हणत नसे, ती 'बासी'. मराठी प्रत्यय लावून छत्तीसगढी शब्द बोलणारी अशी किती तरी वृद्ध मंडळी मी लहानपणापासून ऐकत आलो. निवृत्त झाल्यावर मी त्यांचे शब्द टिपून ठेवू लागलो. शब्द, त्याचा अर्थ, तो कोणाकडून आणि कोणत्या प्रसंगी ऐकला ही माहिती, आणि जमल्यास त्या व्यक्तीच्या आवाजातील ध्वनिमुद्रण, असा तो संग्रह आहे. त्यांतील बरीच माणसे आज हयात नाहीत. तेव्हा तो संग्रह हरवला तर पुन्हा जमवणे मला शक्य नाही. किंबहुना कोणालाच शक्य नाही.

हा सारा संग्रह माझ्या संगणकाच्या एका विभागात होता. 'एका विभागात' असे मी मुद्दाम म्हणतो. आमचा संगणक दोन बिऱ्हाडांच्या वाड्यासारखा आहे. एका भागात विंडोज नावाची कार्यप्रणाली नांदते. मुलाचा हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावरच चालतो, म्हणून ती हवी. दुसऱ्या भागात लिनक्स आहे, तो माझा. फिनलंडमधील लायनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली ह्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. कोणीही तो घ्यावा, सुधारावा, आपल्या भाषेत आणावा. बाजारात जिला किंमत नाही अशा भाषेलाही त्यामुळे तेथे जागा मिळाली. रवि रतलामी ह्या नावाने लिहिणारे रविशंकर श्रीवास्तव हे पेशाने विजेच्या खात्यातील अभियंते; त्यांनी लिनक्सवर चालणाऱ्या केडीई ह्या संचाचे छत्तीसगढी भाषांतर सिद्ध केले. संगणकाच्या पडद्यावर प्रथमच छत्तीसगढी आज्ञा दिसल्या तेव्हा आमच्यासारख्यांना झालेला आनंद काही वेगळाच होता.

एका घरात दोन व्यवस्था नांदणे हे रायपूरला नवे नाही. माधवराव सप्रे ह्यांची मातृभाषा मराठी, पण त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक हिंदीत काढले, आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हे ग्रंथ हिंदीत आणले. १९२६ साली ते रायपुरातच निवर्तले. आम्ही सारे थोड्याफार फरकाने तसेच जगतो. उंबरठ्याच्या आत एक भाषा, बाहेर दुसरी. संगणक सुरू केला की पडद्यावर दोन नावे उमटत, आणि आज कोणत्या घरात जावयाचे ते मी निवडत असे. हा क्रम मला इतका अंगवळणी पडला होता की, तो दाखवणारे कोणी तरी आत बसलेले आहे हा विचारच कधी मनात आला नाही.

आता राखणदाराकडे वळू. संगणक घेतला त्याच आठवड्यात तो संरक्षक प्रोग्रॅम आम्ही बसवला होता. लिनक्स तेव्हा नव्हते. चकतीचे दोन भाग होते आणि दोन्ही विंडोजच्या ताब्यात होते. दोन वर्षांनी माझ्या नातीने त्यांतला दुसरा भाग मोडून तेथे लिनक्स बसवले. पुढे राखणदाराची वार्षिक वर्गणी वाढत गेली आणि संगणकाची चाल मंदावत गेली. शेवटी गेल्या उन्हाळ्यात मी ठरवले की आता ह्याला निरोप द्यावा. काढून टाकण्याची आज्ञा दिली. 'आपला संगणक पूर्ववत् करण्यात येत आहे' अशा अर्थाचे एक वाक्य पडद्यावर आले. ते वाचून मला बरेही वाटले. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि दोन नावांची ती यादी काही आली नाही. थेट विंडोज उघडले.

मी चाचपडत आत शिरलो. तेथे 'डी' ह्या अक्षराचा एक जुना विभाग पुन्हा उगवलेला दिसला. अनेक वर्षांपूर्वी मोडलेला विभाग परत कसा आला, असे वाटून मी त्यावर बोट टेकवले. तत्काळ एक प्रश्न समोर आला : हा विभाग वापरण्यापूर्वी तो फॉरमॅट करावा लागेल, करावयाचा काय? खाली दोन चौकटी होत्या, एक होकाराची आणि एक नकाराची. श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव असाच असेल की, संगणक सारखे काही ना काही विचारत असतो आणि आपण न वाचता होकार देत असतो. माझेही बोट होकारावर गेले होते. इतक्यात चहा घेऊन आलेली सून म्हणाली, "बाबा, घाई करू नका. आधी तिला विचारा."

'ती' म्हणजे माझी नात. ती नागपुरास अभियांत्रिकी शिकते. मी दूरध्वनी करून सारे सांगितले. क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही होकार दिलात का?"

"नाही, बाळ."

"मग काही बिघडलेले नाही. नकार द्या, संगणक बंद करा, आणि मी येईपर्यंत त्याला कोणी हात लावू देऊ नका."

शनिवारच्या गाडीने ती आली. ते मधले तीन दिवस माझे कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. परंतु ती येऊन बसली आणि तिने मला जे समजावून दिले, ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून सांगतो.

संगणकाची कळ दाबली की तो जागा होतो, पण त्याला काहीच आठवत नसते. आपले घर कोणते, आत कोण राहते, हे त्याला ठाऊक नसते. जुन्या पद्धतीच्या संगणकात तो प्रथम चकतीचा अगदी पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा अवघा ५१२ अक्षरांएवढा असतो. अक्षर म्हणजे येथे बाइट. त्यांतली पहिली ४४६ अक्षरे ही एक छोटीशी आज्ञावली असते. पुढे कोठे जावयाचे ते ती सांगते. नंतरच्या ६४ अक्षरांत चकतीच्या विभागांची नोंद असते. एकेका विभागाला १६ अक्षरे, म्हणून चारच नोंदी मावतात. शेवटची दोन अक्षरे ही नुसती खूण. कागद खरा आहे हे सांगणारी मोहोर म्हणा ना. आयबीएमच्या छोट्या संगणकांसाठी १९८३ साली ही व्यवस्था रूढ झाली आणि पुढे कित्येक वर्षे जगभर तीच चालली.

ह्या ६४ अक्षरांना मी वाटणीपत्र म्हणतो. शेत कोठे सुरू होते, कोठे संपते आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे वाटणीपत्रात लिहिलेले असते. शेत स्वतः त्या कागदात नसते. आपल्याकडे पटवाऱ्याच्या दप्तरात एखादा जुना कागद पुन्हा लागला, तर शेत हलत नाही, पीकही जळत नाही; पण दप्तर पाहणारा मनुष्य मात्र त्या शेताचा मालक दुसराच सांगू लागतो. माझ्या संगणकात नेमके हेच घडले होते.

आता राखणदाराचा ह्या पहिल्या तुकड्याशी काय संबंध, असे आपण विचाराल. त्याला इतिहास आहे. संगणकातील रोगजंतूंचा, म्हणजे व्हायरसचा, सर्वांत जुना अड्डा ह्याच जागी होता. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस लवचीक चकत्यांच्या पहिल्या तुकड्यात शिरत असे, आणि मूळ तुकडा उचलून दुसरीकडे दडवीत असे. पुढे 'मायकेलअँजेलो' ह्या नावाचा एक आला. तो ६ मार्च ह्या दिवशी जागा होऊन चकतीवरील मजकूर नासवी. १९९२ च्या मार्चमध्ये त्याने जगभरच्या वर्तमानपत्रांना धास्ती घातली होती. संगणक सुरू होताच जो पहिला बोलतो त्याच्याच हाती सारी सत्ता जाते, म्हणून चोराची नजर तेथे, आणि म्हणून राखणदाराचीही बैठक तेथेच. काही संरक्षक प्रोग्रॅम ह्या तुकड्यावर लक्ष ठेवतात. काही त्या जागी स्वतः बसून आधी परवलीचा शब्द विचारतात. तसे करताना मूळ तुकड्याची एक प्रत जपून ठेवावी ही त्यांची दूरदृष्टीच म्हटली पाहिजे.

पण ही प्रत कोणत्या दिवसाची? सारे मर्म येथे आहे. आमच्या राखणदाराने ती प्रत आला त्या दिवशी घेतली होती. दोन वर्षांनी नातीने लिनक्स बसवले तेव्हा पहिल्या तुकड्यातील आज्ञावली बदलली आणि वाटणीपत्रही बदलले. हा बदल मान्य आहे काय, असे त्याने तेव्हा विचारले होते आणि तिने होकार दिला होता. त्याने बदल मान्य केला, पण आपल्या पेटीतली जुनी प्रत फाडली नाही, आणि नवी घेतलीही नाही. निरोपाच्या दिवशी त्याने मोठ्या इमानाने तीच जुनी प्रत काढून पहिल्या तुकड्यावर ठेवून दिली. 'पूर्ववत्' ह्या शब्दाचा त्याचा अर्थ 'मी आलो त्या दिवशी होते तसे' असा होता. माझा अर्थ 'काल होते तसे' असा होता. मधली सारी वर्षे त्याच्या हिशेबी घडलीच नव्हती.

म्हणून ती दोन नावांची यादी गेली. ही यादी दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला ग्रब म्हणतात. १९९५ साली एरिक बोलेन ह्यांनी त्याचा आरंभ केला. त्याचा पहिला चिमुकला अंश त्या ४४६ अक्षरांत असतो, आणि पुढचा भाग पहिला तुकडा व पहिला विभाग ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असतो. पहिला अंश पुसला की पुढचा भाग जागेवर असूनही त्याला हाक मारणारे कोणी उरत नाही. आणि वाटणीपत्रही जुने झाल्यामुळे विंडोजला वाटले की दुसरा विभाग आपलाच आहे. आत जाऊन पाहते तो मांडणी अनोळखी. म्हणून त्याने प्रामाणिकपणे विचारले : हे काही वाचता येत नाही, पुसून नवे करू काय?

मी होकार दिला असता तर काय झाले असते, असे मी नातीला विचारले. ती म्हणाली, झटपट पुसण्याची पद्धत नव्या मांडणीची सूची जुन्या मजकुरावर लिहिते. तेव्हा काही सापडते, काही नासते. पूर्ण पुसण्याची पद्धत मात्र, विंडोजच्या व्हिस्टा ह्या आवृत्तीपासून पुढे, साऱ्या विभागावर शून्ये लिहीत जाते. मग कोणाचेच काही चालत नाही. राखणदाराने माझा कागद बदलला होता. माझे शेत मी स्वतःच्या हाताने नांगरून टाकणार होतो.

दुरुस्ती कशी केली ती आता क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, बिघडलेल्या चकतीवर काहीही लिहावयाचे नाही. नातीने दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा एक पेनड्राइव्ह तयार करून आणला होता. ह्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो आणि आतल्या चकतीला धक्काही लागत नाही. दुसरी गोष्ट, साऱ्या चकतीची जशीच्या तशी नक्कल एका बाहेरच्या मोठ्या चकतीवर घेतली. त्यात सारी रात्र गेली. मला ते व्यर्थ वाटत होते. रोगी तळमळतो आहे आणि वैद्य त्याचे चित्र काढीत बसला आहे, असे काहीसे मी बोललोही. ती हसून म्हणाली, "आजोबा, आपल्या हातून चूक झाली तर परत येथपर्यंत तरी येता आले पाहिजे." त्यावर मला उत्तर सुचले नाही.

तिसरी गोष्ट, हरवलेल्या बांधांचा शोध. लिनक्सच्या विभागाच्या आरंभी, बहुधा १०२४ अक्षरे सोडून, त्या विभागाची एक मुख्य नोंद असते, आणि तिच्या नकला विभागात पुढेही ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. वाटणीपत्र हरवले तरी शेताच्या कोपऱ्यांतले दगड जागेवर राहावेत, तसेच हे. क्रिस्तोफ ग्रेनिए ह्या फ्रेंच गृहस्थांनी लिहिलेला टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम चकती आरंभापासून अखेरपर्यंत पाहत जातो, असे दगड शोधतो, आणि त्यांवरून शेताच्या सीमा काढतो. तो विनामूल्य मिळतो. त्याने दोन विभाग शोधून दाखवले, एक लिनक्स प्रणालीचा आणि एक माझ्या कागदपत्रांचा. नवे वाटणीपत्र लिहिण्यापूर्वी आतील फाइलींची नुसती नावे पाहण्याची सोय त्यात आहे. तिने ती नावे उघडली. काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि त्यांत माझ्या संग्रहाचे नाव आले. तिने मागे वळून पाहिले. मी डोळ्यांवरचा चष्मा पुसत होतो.

खात्री पटल्यावरच तिने वाटणीपत्र लिहिले. चौथी आणि शेवटची गोष्ट म्हणजे ग्रबला त्याच्या जागी पुन्हा बसवणे. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून चकतीवरच्या लिनक्सचा विभाग जोडून घ्यावयाचा. मग जणू आपण त्याच घरात उभे आहोत अशा रीतीने आत शिरावयाचे. आणि ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा द्यावयाची. येथे अनेकांची एक चूक होते. आज्ञा साऱ्या चकतीच्या नावे द्यावयाची असते. ती एखाद्या विभागाच्या नावे दिली की पहिला तुकडा तसाच जुना राहतो. त्यानंतर ग्रबला यादी पुन्हा करावयास सांगावे लागते. २०२१ सालच्या आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या प्रणालींचा शोध आपण होऊन घेत नाही. तो घ्यावा असे त्याच्या नोंदीत लिहून द्यावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे लिनक्स आले पण विंडोज गेले, अशी उलटी तक्रार करणारे लोकही भेटतात. आमच्या यादीत दोन्ही नावे आली. सकाळचे अकरा वाजले होते. मुलाने हिशेब उघडून पाहिला, मी माझे शब्द उघडून पाहिले, आणि वाड्यातली दोन्ही बिऱ्हाडे सुखरूप असल्याची खात्री करून आम्ही जेवावयास बसलो.

आपल्यापैकी ज्यांचे संगणक अलीकडचे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. नव्या संगणकांत ही व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे. विभागांची नोंद आता मोठी असते आणि तिची दुसरी प्रत चकतीच्या अखेरीस ठेवलेली असते. प्रत्येक प्रणालीची सुरुवातीची आज्ञावली एका लहानशा स्वतंत्र विभागात आपापल्या कप्प्यात असते, आणि कोणाला आधी हाक मारावयाची तो क्रम संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीत नोंदलेला असतो. म्हणून तेथे संरक्षक प्रोग्रॅम काढल्यावर लिनक्स दिसेनासे झाले, तर पुष्कळदा नुसता क्रम बदललेला असतो. संगणक सुरू होतानाच त्याच्या अंतर्गत मांडणीत जाऊन तो क्रम नीट केला की काम भागते. अर्थात नवी व्यवस्थाही निर्धोक नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी एक सुधारणा पाठवली. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ती लागू होऊ नये असा हेतू होता. पण कित्येकांना ती लागू झाली आणि त्यांचे लिनक्स सुरू होईना. तेव्हा राखणदार नवा असो की जुना, दाराशी तो काय करतो इकडे घरधन्याचे लक्ष हवेच.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. काही संरक्षक प्रोग्रॅम साऱ्या चकतीवरचा मजकूर गुप्त लिपीत बदलून ठेवतात. अशा वेळी शेताच्या कोपऱ्यांतले दगडही ओळखू येत नाहीत. तेव्हा असा प्रोग्रॅम काढण्यापूर्वी मजकूर पुन्हा साध्या लिपीत आणणे अत्यावश्यक असते. त्याला काही तास लागतात. ते लागू द्यावेत. २०१४ च्या मे महिन्यात ट्रूक्रिप्ट ह्या प्रसिद्ध प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी काम थांबवत असल्याचे अकस्मात जाहीर केले, तेव्हा जगभरच्या अनेकांवर ही वेळ आली. ज्यांनी बचावाची चकती आणि परवलीचा शब्द जपून ठेवला होता त्यांना चिंता नव्हती. विंडोजमधील बिटलॉकरची पुनःप्राप्तीची किल्ली ४८ अंकांची असते. ती कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी. संगणकाची किल्ली त्याच संगणकात ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावणे होय.

ह्या साऱ्या प्रकारात मी कोणाला दोष देऊ? राखणदाराने आपल्या समजुतीप्रमाणे इमान राखले. विंडोजनेही पुसण्यापूर्वी विचारले. उणीव माझी होती. माझ्या घरात काय बदलले हे राखणदाराला कळलेले नाही, ही गोष्ट मी लक्षात घेतली नाही; आणि ज्या संग्रहाची जगात दुसरी प्रत नव्हती त्याची प्रत मी दोन वर्षे करून ठेवली नव्हती. वृद्धांच्या तोंडचे शब्द त्यांच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून मी दारोदार हिंडलो, आणि ते सारे एकाच चकतीच्या भरवशावर टाकून स्वस्थ बसलो. आता त्याच्या तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक कपाटात, आणि एक नागपुरास नातीजवळ. ह्या तिसरीमुळे एक अनपेक्षित लाभ झाला. ती कधी कधी रात्री तो संग्रह उघडून बसते आणि दूरध्वनीवर विचारते, "आजोबा, हा शब्द तुम्ही कोणाकडून ऐकलात?" मग मी तिला त्या आजीबाईंविषयी सांगतो.

श्रोतेहो, आपल्याही संगणकात असे काही असेल. कोणाची पत्रे, कोणाची छायाचित्रे, कोणाचा आवाज. राखणदाराला निरोप देण्यापूर्वी आपल्या किल्ल्या मोजून घ्याव्यात आणि प्रत करून ठेवावी. आणि एखाद्या दुपारी आपल्या पडद्यावर तसा प्रश्न उमटलाच, तर होकार देण्यापूर्वी बोट उचलून घ्यावे आणि घरातील एखाद्या जाणत्या माणसाला हाक मारावी. शेत बहुधा जागेवरच असते.